गदेच्या आधीची गोष्ट

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घ अजून जमत नाही, तेव्हा या लेखात शुद्धलेखन बरं दिसलं तर ते श्रेय संपादकांचं. पण विषय मात्र माझा आहे, म्हणून धाडस करतोय.

झालं असं, की मागच्या सेमिस्टरला एका रात्री मेसचं जेवण (त्याला जेवण म्हणायची पद्धत आहे) आटोपून आम्ही सात-आठ जण एका लॅपटॉपभोवती डब्ल्यूडब्ल्यूई बघत बसलो होतो. आमच्या विंगमधला एक एक्सपर्ट सांगत होता, की हे स्टार काही एकदम टीव्हीवर येत नाहीत. आधी त्यांना एका छोट्या कंपनीत तयार करतात. जॉन सीना, बटिस्टा, रँडी ऑर्टन हे सगळे ओहायो व्हॅली रेसलिंगमधून वर आले. मग 2007 पासून फ्लोरिडा चॅम्पियनशिप रेसलिंग आलं आणि 2012 मध्ये त्याच्या जागी एनएक्सटी. तिथे वेगळे बेल्ट, वेगळे चॅम्पियन. तिथे जो टिकला तो वर गेला.

मी सहज बोलून गेलो, "आमच्या गावाकडे पण असंच असतं." लगेच एक जण म्हणाला, "ती लंगोटवाली कुस्ती?" सगळे हसले. आणि खरं सांगतो, मीही हसलो. नंतर झोप लागेना. कारण माझा आत्तेभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, त्याने आयुष्यातली दहा वर्षं त्या लंगोटात घालवली आहेत. तेव्हा हा लेख म्हणजे त्या हसण्याची भरपाई समजा.

पहिली पायरी : नारळावरची कुस्ती

आमचं गाव रिहे, तालुका मुळशी. एका बाजूला डोंगर, खाली भातखाचरं, आणि थोड्याच अंतरावर हिंजवडीच्या काचेच्या इमारती. इकडच्या गावांत यात्रा म्हटली की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा ठरलेला. दुपारी हलगी वाजायला लागली की पोरं घरात थांबत नाहीत.

आखाड्याची सुरुवात अगदी लहान पोरांपासून होते. बक्षीस काय, तर नारळ नाहीतर रेवडी. मग पन्नास, शंभर, पाचशे असं इनाम वाढत जातं आणि शेवटची मानाची कुस्ती हजारोंची असते. जोड लावणारी माणसं दोन्ही पोरांचे हात धरून उंची-वजन नजरेनेच मापतात. इथे गुण नाहीत, घड्याळही फारसं नाही. समोरच्याची पाठ मातीला लावली की कुस्ती निकाली, नाहीतर पंच बरोबरीत सोडवतात. पैसे घेऊन खेळतात म्हणजे ही प्रोफेशनलच कुस्ती झाली की नाही? फरक एवढाच, की इथे निकाल आधी लिहिलेला नसतो.

दुसरी पायरी : तालीम

आखाड्यात चमकलेलं पोरगं वस्तादांच्या नजरेत भरतं आणि मोठ्या तालमीत जातं. पुण्यात पेशवाईपासूनची चिंचेची तालीम आहे, गोकुळ वस्ताद तालीम आहे, शिवरामदादा तालीम आहे. कोल्हापुरात गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी. कोल्हापूरला तर शाहू महाराजांनी कुस्तीसाठी अख्खं खासबाग मैदानच बांधलं, ते 1912 मध्ये पुरं झालं.

तालमीचं टाइमटेबल आपल्या फर्स्ट इयरपेक्षा कडक असतं. पहाटे चारला उठायचं. जोर, बैठका, सपाट्या, मग लढती. हौद्यातली लाल माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवतात, म्हणजे अंग सोलवटत नाही. संध्याकाळी परत तेच. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, मोळी, घिस्सा हे डाव पुस्तकात वाचून येत नाहीत. एकेक डाव शेकडो वेळा अंगावर घ्यावा लागतो.

आणि खुराक! दूध, तूप, बदाम, थंडाई. हा खर्च स्कॉलरशिपमधून येत नाही, घरातून येतो. दादा तालमीत होता तेव्हा आत्याने एक म्हैस फक्त त्याच्यासाठी ठेवली होती. डेअरीला तिचं एक थेंब दूध गेलं नाही. घरात चहा मात्र कोरा व्हायचा.

तिसरी पायरी : निवड चाचणी आणि किताब

आता चॅम्पियनशिपकडे येऊ. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद 1953 मध्ये उभी राहिली, ती प्रामुख्याने मामासाहेब मोहोळांच्या प्रयत्नांतून. मामासाहेब आमच्याच तालुक्यातल्या मुठा गावचे! परिषदेने 1961 मध्ये महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू केला आणि पहिला मान दिनकर दह्यारी यांना मिळाला. विजेत्याला जी चांदीची गदा मिळते (आत लाकूड, वरून चांदीचा पत्रा) ती 1982 पासून मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाते.

गदेपर्यंतचा रस्ता असा : तालुक्याची चाचणी, मग जिल्ह्याची किंवा शहराची, मग राज्य अधिवेशन. तिथे लहान-मोठे अनेक वजनगट असतात, पण किताबाची लढत 86 ते 125 किलोच्या गटात. त्यातही दोन विभाग, माती आणि गादी, म्हणजे मॅट. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंद विश्रांती. गुणांवर निकाल लागतो आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते.

किताबाच्या यादीत गोष्टी भरपूर आहेत. दादू चौगुले 1970 आणि 1971 असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी झाले, 1974 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक आणलं आणि 2000 साली त्यांच्या मुलाने, विनोदने, तीच गदा घरी आणली. नरसिंग यादव 2011 पासून सलग तीनदा जिंकला, पाठोपाठ 2014 पासून विजय चौधरीनेही तीन गदा उचलल्या. 2006 मध्ये आमच्या मुळशीचा अमोल बुचडे जिंकला. मुलींना मात्र फारच वाट बघावी लागली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी 2023 मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली.

पण मला सगळ्यात आवडते ती जानेवारी 2020 ची बालेवाडीतली फायनल. हर्षवर्धन सदगीर विरुद्ध शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच संकुलात राहून सराव करणारे. म्हणजे आपले दोन रूममेट एका गोल्ड मेडलसाठी समोरासमोर! हर्षवर्धन 3-2 असा जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तालीम काय शिकवते ते त्या एका फोटोत आहे.

सगळंच गोड आहे असं नाही. संघटनेतल्या भांडणांमुळे नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या आणि दोन विजेते : फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. 2025 मध्येही तसंच, अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके. एकाच नावाच्या गदा दोन झाल्या, की पहाटे चारला उठणाऱ्या पोराने नक्की कुठल्या गदेकडे बघायचं?

पायरीवर राहिलेले

दादा तिसऱ्या पायरीवर थांबला. मातीत तयार झालेला पैलवान, चाचणी गादीवर. मातीत जो पाय सरकतो तो गादीवर धरला जातो. त्याचा गुडघा फिरला, ऑपरेशन झालं आणि वर्षभराने तालमीतून ट्रंक घरी आली. आज तो हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. कदाचित तुमच्यापैकी कुणी इंटर्नशिपला त्याच्या गाडीत बसलाही असाल. तेव्हा तुटलेले कान दिसले असतील, तर तोच.

किताब वर्षाला एक. चांगली सरकारी नोकरी मिळते तीही मोजक्यांना. विजय चौधरी, राहुल आवारे हे पोलीस दलात अधिकारी झाले. राहुलने 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत ब्राँझपदकही आणलं. बाकीच्या शेकडो पोरांची नावं कुठल्याच यादीत येत नाहीत. आपल्याकडे सेमिस्टर गेलं तर बॅकलॉग असतो, परत पेपर देता येतो. गुडघ्याला बॅकलॉग नसतो.

सुट्टीत गावाला गेलो तेव्हा दादाला मी त्या रात्रीचं सगळं सांगितलं, माझ्या हसण्यासकट. तो रागावला नाही. "तू तरी कुठं आखाड्यात उतरलायस?" एवढंच म्हणाला. मग मला घेऊन समाजमंदिराच्या मागे गेला. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये त्याने हौदा केलाय. ड्यूटी संपली की संध्याकाळी बारा-तेरा पोरं (त्यात दोन मुली) त्याच्याकडे येतात. गादीसाठी अजून पैसे नाहीत, पण जुन्या सतरंज्या जोडून तिच्यावर तो पोरांना पट काढायला शिकवतो. "माझ्यासारखं नको व्हायला," म्हणाला, "दोन्हीकडं पाय टिकला पाहिजे."

मी बूट काढून हौद्यात उतरलो. चौथीतल्या एका पोराने मला साधारण अकरा सेकंदांत चितपट केलं. सगळे हसले. या वेळी मीही हसलो, पण झोप मस्त लागली.

यंदाच्या यात्रेला आमच्या विंगमधल्या एक्सपर्टसकट सगळ्यांना रिह्याला यायचं आमंत्रण आहे. जेवण आत्याकडे, मेसची चिंता नाही. फक्त लवकर या. शेवटची कुस्ती सगळेच बघतात, आपण नारळावरच्या कुस्तीपासून बसू.