रोल कुठे धुणार, त्यावर फिल्म ठरवा

फिल्म कॅमेऱ्याकडे नव्याने वळलेले बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात की फिल्म कोणती घ्यावी? आम्ही त्यावर उलट प्रश्न विचारतो: रोल धुणार कुठे? ऐकणाऱ्याला वाटतं, हे टाळाटाळीचं उत्तर आहे. पण डब्यावर जो वेग आणि जे रंग लिहिलेले असतात, ते फिल्म ठरल्या रसायनात, ठरल्या तापमानाला, ठरला वेळ धुतली तरच मिळतात. म्हणजे निम्मी फिल्म कारखान्यात तयार होते आणि निम्मी लॅबमध्ये. आज आपण ही दुसरी निम्मी बाजू समजून घेऊ, आणि उदाहरणाला गोंदिया जिल्हा घेऊ.

गोंदियाच का? एक म्हणजे तिथे टिपण्यासारखं पुष्कळ आहे. नवेगावबांध आहे, नागझिरा आहे. महाराष्ट्रात आता मोजक्या संख्येने उरलेला सारस पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यातल्या तळ्यांवर आणि धानाच्या बांध्यांत दिसतो. दुसरं म्हणजे मोठी शहरं तिथून लांब. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, मुंबई तर त्याच्याही पलीकडे. आणि तिसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. फिल्मच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या.

आधी प्रक्रिया किती प्रकारच्या ते पाहू. साध्या कलर निगेटिव्हची प्रक्रिया म्हणजे सी-४१. कोडॅकने ती १९७२ मध्ये आणली आणि पुढे जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी स्वीकारली. डेव्हलपर ३७.८ अंशांवर, वेळ सव्वातीन मिनिटं. फिल्म कोणत्याही कंपनीची असो, १०० वेगाची असो की ४००ची, वेळ तोच. म्हणून तर नाक्यानाक्यावर मिनीलॅब उभ्या राहिल्या. सगळ्यांचे रोल एकापाठोपाठ एक त्याच मशीनमधून काढता येत होते.

दुसरी ई-६, स्लाइड फिल्मची. हिच्यात पहिला डेव्हलपर सगळ्यांत नाजूक. तिथे वेळ किंवा तापमान चुकलं की चित्र फिकं किंवा काळपट होतं. निगेटिव्ह थोडी इकडेतिकडे झाली तर प्रिंट काढताना सावरता येते. स्लाइड म्हणजे मात्र अंतिम चित्रच. लॅबने जे केलं ते त्याच पट्टीवर कायमचं राहतं.

तिसरी ब्लॅक अँड व्हाइट. इथे सगळ्यांना लागू पडणारा एक वेळ नाही. प्रत्येक फिल्म आणि प्रत्येक डेव्हलपर यांच्या जोडीचा वेळ वेगळा. ही फिल्म चुकून सी-४१ मशीनमध्ये गेली तर ब्लीच आणि फिक्सर चांदी काढून टाकतात आणि हातात कोरी पट्टी येते. इलफर्डची एक्सपी-२ याला अपवाद. ती ब्लॅक अँड व्हाइट असूनही सी-४१ मध्येच धुतली जाते. जवळ फक्त कलर लॅब असेल आणि ब्लॅक अँड व्हाइटची हौस असेल, तर तिचा विचार करावा.

आता सारसाकडे येऊ. पक्षी फिकट राखाडी, मान लाल, उंची माणसाएवढी. सकाळी नऊनंतरच्या कडक उन्हात ती राखाडी पिसं स्लाइडवर सहज पांढरी पडतात, कारण स्लाइडला अर्ध्या स्टॉपच्या चुकीचीही सवलत नसते. जास्तीचा उजेड कलर निगेटिव्ह बराच सोसून घेते. मासिकांच्या जमान्यात छापखान्यांना स्लाइड हवी असे, त्यामुळे वन्यजीव टिपणारे तीच वापरत. मूळ रंग समोर दिसत, मध्ये प्रिंट काढणाऱ्याचा हात नसे. पण त्यासाठी मागे भरवशाची ई-६ लॅब लागते.

भरवशाची म्हणजे कशी, हे जरा उलगडून सांगायला हवं. डेव्हलपर वापरला की थकतो, नुसता पडून राहिला तरी हवेने खराब होतो. चालू लॅबमध्ये दर रोलमागे ठरावीक ताजं रसायन टाकत राहतात. रोल रोज येत असतील तर हा समतोल टिकतो. आठवड्याला दोनच रोल येत असतील, तर लॅब ते साठवून ठेवते किंवा जुन्या रसायनात धुते. म्हणून आम्ही म्हणतो, लॅबची पाटी किती मोठी आहे ते पाहू नका, तिथे तुमच्या प्रकारची फिल्म किती येते ते विचारा. स्लाइडचे रोल फार थोडे येत असतील, तर तिथे महागडी स्लाइड फिल्म देण्यापेक्षा साधी कलर निगेटिव्ह दिलेली बरी.

हाच नियम वेग वाढवण्याला लागू. नागझिऱ्यात पहाटे झाडीखाली उजेड इतका कमी असतो की १०० वेगाची फिल्म पुरत नाही. अशा वेळी ती २०० किंवा ४०० समजून फोटो काढायचे आणि लॅबला डेव्हलपिंगचा वेळ वाढवायला सांगायचं, याला पुश करणं म्हणतात. पण मिनीलॅबचं मशीन एकाच गतीने चालतं, तिथे एका रोलसाठी वेळ बदलणं सहसा होत नाही. शिवाय पुश संपूर्ण रोलला लागतो, अर्ध्याला नाही. लॅब पुश करत नसेल, तर सरळ ४०० वेगाची फिल्म भरावी आणि दाणा मोठा दिसला तर दिसू द्यावा.

घरी धुणाऱ्यांसाठी मोसमाचा हिशेब वेगळा. ब्लॅक अँड व्हाइटचं नेहमीचं तापमान २० अंश. विदर्भात मे महिन्यात टाकीचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. गरम पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, चटकन ओरखडे येतात. म्हणून बर्फाने पाणी थंड करायचं आणि डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळं एकाच तापमानाला ठेवायचं. समजा २४ अंशांच्या खाली उतरताच येत नाही. इलफर्ड एचपी-५ प्लस डी-७६ मध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं घेते. २४ अंशांवर हा वेळ पाच-सव्वापाच मिनिटांवर येतो, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की डाग पडण्याची भीती. त्याऐवजी डी-७६ मध्ये तेवढंच पाणी मिसळा. २० अंशांवर ११ मिनिटं लागतात, २४ वर पावणेआठच्या आसपास. हाताला उसंत मिळते. गंमत अशी की कलरला ३८ अंश लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे पाणी फारसं तापवावं लागत नाही. थंडीत सगळं उलट.

आणि काढलेला रोल तसाच ठेवू नका. फिल्मवरचं न धुतलेलं चित्र उष्णतेने झिजतं. जंगलाच्या वाटेवर बंद गाडीत रोल राहिला तर रंग बिघडतात. लॅब लांब असेल तर चार-पाच रोल साठवून महिनाभराने पाठवण्यापेक्षा लगेच पाठवा, तोवर डबीत बंद करून थंड जागी ठेवा.

हल्ली सिनेमाची फिल्म डबीत भरून विकतात, तीही जपून घ्या. तिच्या पाठीवर बऱ्याचदा काजळीसारखा काळा थर असतो आणि तिची प्रक्रिया ईसीएन-२ वेगळी. विक्रेत्याने थर काढलेला नसेल आणि तो रोल सी-४१ मशीनमध्ये गेला, तर थर सुटून रसायनात मिसळतो. मग तुमच्याबरोबर दुसऱ्या कुणाच्या लग्नाचा रोलही जातो. देताना सांगणं हे आपलं काम.

लॅब नसेल तर फिल्मचं काय होतं, याचं मोठं उदाहरण कोडॅक्रोम. ही १९३५ ची फिल्म. हिच्यात रंग तयार करणारे घटक फिल्ममध्ये नसून धुण्याच्या रसायनांत असत, त्यामुळे खास लॅबशिवाय ती धुताच येत नसे. २००९ मध्ये कोडॅकने उत्पादन थांबवलं. शेवटचा ३६ फोटोंचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. त्यातले काही फोटो त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात काढले, आणि २०१० मध्ये रोल अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स या छोट्या गावी नेला, कारण तोवर जगात ती धुणारी एवढीच लॅब उरली होती. त्या वर्षाअखेर तिनेही नवे रोल घेणं बंद केलं. आज घरच्या ट्रंकेत कोडॅक्रोमचा न धुतलेला रोल सापडला, तर फार तर ब्लॅक अँड व्हाइट चित्र निघेल. सी-४१ चा जुना रोल सापडला तर मात्र आजही आशा आहे.

तेव्हा दुकानात जाण्याआधी लॅबला फोन करा. चार प्रश्न विचारा. कोणत्या प्रक्रिया करता? माझ्या प्रकारचे रोल आठवड्याला किती येतात? पुश करता का? निगेटिव्ह परत देता का? हा शेवटचा विसरू नका, कारण स्कॅन बिघडला तर पुन्हा करता येतो, निगेटिव्ह हरवली तर काही उरत नाही. उत्तरं मिळाली की फिल्म आपोआप ठरते. मग एकच फिल्म आणि एकच लॅब धरून पाच-सहा रोल काढा. त्यानंतर बांध्यात सारसाची जोडी समोर उभी राहील, तेव्हा फिल्मची चिंता मनात राहणार नाही.