शुक्रावरचें बिऱ्हाड

इतिहास म्हटला म्हणजे तो होऊन गेलेल्या गोष्टींचा, अशी आपली समजूत असते. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, त्यांतली एकही गोष्ट अद्यापि घडलेली नाहीं. ओलाफ स्टेपलडन या इंग्रज लेखकानें १९३० सालीं 'लास्ट अँड फर्स्ट मेन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारें २ अब्ज वर्षांनंतरचा एक मानव आपल्या काळांतील एका माणसाच्या मेंदूंत शिरतो आणि त्याच्याकडून मानवजातीची बखर लिहवून घेतो, अशी त्याची मांडणी आहे. ह्या ग्रंथाला कादंबरी म्हणावें तर त्यांत नायक नाहीं, नायिका नाहीं. एकामागून एक येणाऱ्या मानवाच्या १८ जाति, एवढाच काय तो परिवार.

बिऱ्हाड हलवावयाचें तर कांहीं कारण लागतें. घरमालकाची नोटीस येते, जागा अपुरी पडते. स्टेपलडनच्या मानवाला नोटीस येते ती चंद्राकडून. पांचव्या जातीच्या मानवांना गणितानें कळून येतें कीं, चंद्र पृथ्वीच्या जवळ येत आहे आणि अखेर फुटून तिच्यावर कोसळणार आहे. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांच्या साह्यानें जीं मापें घेतलीं गेलीं, त्यांवरून चंद्र दर वर्षीं सुमारें ३.८ सेंटिमीटर दूरच जात असल्याचें सिद्ध झालें आहे. तें असो. हौसेखातर कोणी पृथ्वी सोडीत नाहीं, हें लेखकाचें गृहीत मला पटतें.

जावयाचें कोठें, तर शुक्रावर. स्टेपलडनचा शुक्र उष्ण, ढगांनीं झांकलेला व महासागरांनीं व्यापलेला आहे. हवेंत प्राणवायु मात्र नाहीं. तेव्हां हे मानव तेथें यंत्रें पाठवितात, विजेच्या प्रवाहानें समुद्राच्या पाण्याचें पृथक्करण करून प्राणवायु मोकळा करितात आणि वनस्पति लावितात. सबंध ग्रहाचें हवामान बदलून तो राहण्याजोगा करावा, ही कल्पना आज नित्याच्या चर्चेंतली झाली आहे. खरा शुक्र मात्र निराळा निघाला. १९७० सालीं सोव्हिएट रशियाचें 'व्हेनेरा ७' हें यान तेथें उतरलें, तेव्हां उष्णमान सुमारें ४७५ अंश सेंटिग्रेड भरलें. शिसें वितळावें असा तो तापलेला तवा आहे. समुद्राचा तेथें थेंबही नाहीं.

येथपर्यंत कथा यंत्रांची आहे. पुढें मात्र ती अंगावर कांटा आणते. शुक्राच्या समुद्रांत त्या ग्रहाचे मूळचे रहिवासी आहेत. ते बुद्धिमान आहेत, आणि आपला समुद्र कोणीतरी नासवीत आहे हें पाहून ते प्रतिकार करितात. मानव त्यांच्याशीं बोलण्याचा यत्न करितात. पण बोलणें जुळत नाहीं. मग विचार सुरू होतो. आपण न गेलों तर आपला वंश संपतो. गेलों तर त्यांचा. त्यांचा वंश नाहीं तरी लयासच चालला आहे, अशी मनाची समजूतही घातली जाते. परक्याच्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्यांच्या तोंडीं ही समजूत आपण पूर्वीं ऐकलेली आहे. शेवटीं त्या रहिवाशांचा समूळ संहार होतो. लेखक निकाल देत नाहीं. मात्र त्या विजयानें मानवांचें मन दुभंगतें, हें तो दाखवितो. कधीं तें निराशेनें खचतें, तर कधीं ह्या कठोर नियतीपुढें गंभीरपणें ताठ उभें राहतें. पहिल्या महायुद्धांत हा लेखक शस्त्र न धरितां रुग्णवाहिका हांकीत होता. हीं पानें त्यानें सहज लिहिलीं नसावींत.

शुक्रावरचें बिऱ्हाडही कायमचें ठरत नाहीं. एक अंधारा वायुमेघ सूर्यावर आदळून सूर्य भडकणार, असें आठव्या जातीला दिसतें, आणि नेपच्यूनखेरीज आसरा उरत नाहीं. नेपच्यूनला पाय ठेवण्याजोगा घट्ट पृष्ठभागच नाहीं, हें आज आपण जाणतों. कथेंत मात्र तेथें जमीन आहे, आणि अडचण आहे ती भारी गुरुत्वाकर्षणाची. आठव्या जातीच्या देहाला तें सोसणारें नसतें. म्हणून ते एक नवा, बुटका मानव स्वतः घडवितात, व त्यालाच पुढें पाठवितात. मग स्थलांतर झालें तें कोणाचें? घडविणारे मागें जळून गेले. जे पोंचले, त्यांची संस्कृति टिकली नाहीं आणि त्यांचे वंशज पशुकोटीला गेले. त्या पशूंमधून पुन्हा मानव उभा राहण्यास कोट्यवधि वर्षें लागतात.

अठराव्या आणि शेवटच्या जातीपुढें पुन्हा तेंच संकट येतें. सूर्य बिघडला आहे, आणि या वेळीं मात्र हलावयास जागा नाहीं. तेव्हां ते लोक जीवनाचें सूक्ष्म बीज तयार करून ताऱ्यांकडे उधळण्याच्या कामाला लागतात. तें कोठें रुजेल हें पाहावयास आपण असणार नाहीं, हें ठाऊक असूनही काम चालूच असतें.