पाखरांना बसायला जागा ठेवू या

गेल्या रब्बीत आमच्या गटाच्या बैठकीत तिघींनी एकाच कामासाठी कर्ज मागितलं. हरभऱ्यावर घाटे अळी पडली होती, फवारायला औषध हवं होतं. ही अळी घाट्यात तोंड खुपसून दाणे खाते. एकच अळी ३० ते ४० घाटे पोखरते. बचतीचा पैसा फवाऱ्यावर जाताना पाहून आम्ही विचार केला, ही अळी फुकटात वेचणारं कुणी नाही का?

आहे की! कोतवाल उंचावर बसून टेहळणी करतो, अळी दिसली की झेप घेतो. साळुंक्या ओळींमधून चालत किडे टिपतात. नांगरामागे फिरणारे बगळे मातीतून वर आलेली हुमणी खातात. रात्री पिंगळा किडे आणि उंदीर धरतो. त्याला अपशकुनी म्हणून हाकलू नका. प्रत्येकाची वेळ वेगळी, जागा वेगळी. म्हणून शिवारात पाखरांच्या नाना जाती हव्यात.

हरभऱ्याचं पीक बुटकं. कोतवालाला त्यात बसायला जागा मिळत नाही. त्यासाठी पक्षीथांबे लावायचे. काठीच्या टोकाला आडवी काडी बांधा आणि पिकाच्या वर राहील अशी रोवा. एकरी २० थांबे पुरतात. पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी मिसळली, तर तिची ताटंही हेच काम करतात.

पण थांबा ही बसायची जागा झाली, घर नव्हे. साळुंकी आणि पिंगळा जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. सावली पडते म्हणून बांधावरचं झाड तोडायचा विषय घरी निघाला, तर आपण बोललं पाहिजे. फांद्या छाटा, झाड ठेवा.

पाखरं सगळी अळी संपवत नाहीत, हेही खरं. दर आठवड्याला पीक बघा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या, की त्या लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. उठसूट विषारी औषध मारलं, तर अळीबरोबर पाखरांचंही नुकसान होतं. आणि ज्वारीच्या शेतात थांबे लावले असतील, तर दाणे भरताना ते काढून घ्या. नाहीतर पाखरं कणसावरच बसतील!

यंदा फवारणीसाठी कर्ज मागायला कुणी आली, तर आम्ही आधी एकच विचारणार आहोत: बाई, थांबे लावलेस का?