तीन राज्ये, एक नदी आणि न बोलावलेले

वाटाघाटीत आधी समान हित शोधा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीचा अनुभव उलटा आहे. तिथे तोडगा निघाला तो गरजा वेगळ्या होत्या म्हणून. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाला सिंचनासाठी पाणी उचलायचे होते. खालच्या अंगाच्या साउथ ऑस्ट्रेलियाला आगबोटी चालतील इतकी पातळी हवी होती. या पाण्यावर १९०२ मध्ये भरलेल्या कोरोवा परिषदेनंतरही वाद चिघळतच राहिला. १९१४ च्या करारात वर साठ्यासाठी धरण आणि खाली बोटींसाठी लॉक असलेले बंधारे ठरले. ऑल्बरीजवळचा प्रवाह वरच्या दोघांनी निम्मा-निम्मा घ्यायचा आणि साउथ ऑस्ट्रेलियाला ठरावीक पाण्याची हमी द्यायची. नुसते आकडे वाटायचे, तर एकाचा फायदा हा दुसऱ्याचा तोटाच असतो. आपल्या कृष्णेच्या पाणीवाटपातले टीएमसीचे भांडण आठवून पाहा.

मग वेगळ्या गरजा जुळवणारे असे तोडगे एरवी का सुचत नाहीत? मानसशास्त्रज्ञ स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये एका प्रयोगात उमेदवारांची माहिती गटातल्या सदस्यांत विभागून दिली. गट सर्वांना ठाऊक असलेल्या मुद्द्यांवरच बोलत राहिले आणि सर्वांत योग्य उमेदवार बहुतेकदा हातचा गेला. एकट्याकडे असलेली माहिती चर्चेत सहसा येत नाही. वाटाघाटीत तर ती, म्हणजे आपली खरी गरज, मुद्दाम दडवली जाते.

यावर कोणी म्हणेल, रेल्वेने आगबोटींचा धंदा तेव्हाच खाल्ला होता. मग हा करार कसला शहाणपणाचा? आक्षेप रास्त आहे. पण त्याच बंधाऱ्यांमुळे पातळी स्थिर राहिली आणि साउथ ऑस्ट्रेलियातल्या बागायतदारांचे पंप चालले. खरा दोष वेगळा होता. सहकार्याने काढलेला तोडगा बैठकीतल्यांचे भले करतो आणि बिल गैरहजर असलेल्यांच्या नावे फाडतो. इथे गैरहजर होती खुद्द नदी, आणि तिच्या काठची आदिवासी राष्ट्रे. पाण्याचा उपसा इतका वाढला, की १९८१ मध्ये मरेचे मुख वाळूने बुजले. १९९५ मध्ये उपशावर मर्यादा आली; २००७ च्या कायद्याने नदीच्या वतीने पाणीहक्क सांभाळणारा अधिकारी नेमला. २०१० मध्ये उपशातल्या कपातीचा मसुदा आला, तेव्हा खोऱ्यातल्या ग्रिफिथ गावात संतप्त शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या: आता आपल्याला डावलले, ही त्यांची तक्रार. म्हणून खोऱ्याच्या २०१२ च्या आराखड्यात पळवाट नव्हे, पण सवलत ठेवली गेली: कमी पाण्यात तेवढाच पर्यावरणीय लाभ साधणारे प्रकल्प उभारा, कपात घटेल. ते प्रकल्प रखडले आणि २०२३ मध्ये मुदत वाढवावी लागली. आदिवासी राष्ट्रांकडे मात्र खोऱ्यातल्या पाणीहक्कांचा अगदीच किरकोळ हिस्सा आहे.