विद्युत्‌संचयाचा जमाखर्च – लेखांक चौथा : क्षमता आणि प्रवाह

लिथियम-आयन घटाच्या, म्हणजे सेलच्या, पोटात काय घडते, ह्याचा विचार आपण गेल्या लेखांकात केला. पूर्ण भारित घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो, वापराबरोबर तो उतरत जातो, आणि उत्पादकाने नेमून दिलेल्या मर्यादेच्या, म्हणजे बहुधा २.५ व्होल्टच्या, खाली त्याला नेणे घटाच्या प्रकृतीस अपायकारक ठरते, इतके त्या विवेचनातून निष्पन्न झाले. ह्या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग करण्याची वेळ मात्र दुकानाच्या फळीसमोर येते. आणि तेथे गिऱ्हाइकाच्या मुखातून निघणारा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘ह्यात जास्तीत जास्त एमएएचचा सेल कोणता?’

बेळगावच्या खडेबाजारात हा प्रश्न तीन निरनिराळी माणसे विचारीत आहेत अशी कल्पना करू. एक, निपाणीकडचा शेतकरी. रात्रीच्या पाळीला उसाला पाणी पाजताना त्याला विजेरी लागते. दुसरा त्याचाच शेजारी; पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी उतरल्यामुळे त्याला ती नव्याने बांधून घ्यावयाची आहे. तिसरा शहापूरचा सुतार. त्याच्या बिनवायरच्या ड्रिलने मान टाकली आहे. मागणी तिघांची एक असली तरी गरज एक नाही, आणि तिघांनाही एकच जिन्नस बांधून देणारा दुकानदार निदान एकाचे तरी नुकसान करील.

सेलवर, अथवा त्याच्या तपशीलपत्रकात, दोन आकडे नमूद असतात. पहिला क्षमतेचा : ३००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) म्हणजे कागदोपत्री एक तासभर ३ अँपिअर, किंवा सहा तास अर्धा अँपिअर. दुसरा प्रवाहाचा : हा सेल अखंडपणे किती अँपिअर देऊ शकतो, ह्याची उत्पादकाने दिलेली कबुली. पहिला आकडा शिलकीचा आहे, दुसरा त्या शिलकीतून एका वेळी किती उचल करण्याची मुभा आहे ते सांगतो. आणि गिऱ्हाईक पहिल्याचीच चौकशी करून घरी परतते.

हे दोन गुण एकत्र का नांदत नाहीत, ह्याचे कारण सेलच्या आकारात आहे. बाजारात सर्रास मिळणारा १८६५० जातीचा सेल १८ मिलिमीटर व्यासाची व ६५ मिलिमीटर लांबीची पोलादी नळी असतो, आणि ह्या ठरीव जागेत धातूच्या पातळ पत्र्यांवर रासायनिक द्रव्याचा लेप देऊन त्यांची गुंडाळी बसवावयाची असते. लेप जाड दिला तर द्रव्य अधिक मावते व क्षमता वाढते, पण लिथियमच्या आयनांना त्या जाडीतून वाट काढावी लागत असल्याने प्रवाह मंदावतो. लेप पातळ दिला तर वाट सोपी होते, परंतु पत्र्यानेच जागा अडविल्यामुळे साठा घटतो. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या थप्प्या आढ्यापर्यंत रचल्या, तर माल पुष्कळ मावतो, पण हमालाला जायला बोळ उरत नाही. बोळ सोडावेत तर माल कमी बसतो.

एकाच उत्पादकाच्या तीन सेलांवरून हा व्यस्त संबंध स्पष्ट होतो. सॅमसंगचा २५आर हा सेल २५०० एमएएचचा असून २० अँपिअर देतो. ३०क्यू ३००० एमएएचचा असून १५ अँपिअर देतो. आणि ३५ई ३५०० एमएएचचा असला तरी अखंड प्रवाहाची त्याची मर्यादा अवघी ८ अँपिअर आहे.

आता सुताराच्या ड्रिलकडे वळू. त्यातील अठरा व्होल्टची बॅटरी म्हणजे पाच सेलांची एकसर माळ. आणि एकसर जोडणीत दाबांची बेरीज होत असली तरी प्रवाह वाटला जात नाही, प्रत्येक सेलला तो पूर्ण सोसावा लागतो. सागवानात बिट रुतले आणि यंत्राने २० अँपिअर मागितले, तर जास्त क्षमतेच्या सेलचा अंतर्गत रोध ३५ मिलिओहम धरल्यास दाब सात दशांश व्होल्टने कोसळतो आणि एकेका सेलमध्ये १४ वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हा नियम कोणाचीही भीड धरीत नाही. म्हणून सुताराने ३५००चा मोह सोडून २५००चाच सेल घ्यावा. जास्त क्षमतेचा सेल येथे लवकर तापेल, लवकर थकेल, आणि प्रसंगी धोक्याचाही ठरेल.

फवारणी पंपाचा हिशेब नेमका उलट आहे. मोटारीवर १२ व्होल्ट, ३ अँपिअर असे लिहिले असेल, तर तीन सेल एकसर आणि अशा तीन ओळी समांतर जोडून नऊ ३५ई सेलांत साडेदहा अँपिअर-तासांचा साठा होतो. समांतर जोडणीत प्रवाह विभागला जात असल्याने प्रत्येक सेलच्या वाट्याला जेमतेम १ अँपिअर येतो, आणि बॅटरी कागदावर साडेतीन तास चालते. हेच काम २५आरकडून करवून घ्यावयाचे तर १० अँपिअर-तासांसाठी बारा सेल लागतील, आणि वीस अँपिअरच्या ज्या सामर्थ्यासाठी पैसे मोजले ते कधीच उपयोगात येणार नाही. एक-दोन अँपिअरवर चालणाऱ्या एका सेलच्या विजेरीलाही हाच न्याय लागू.

ज्या वेष्टनावर ९९०० एमएएच असे छापलेले आढळते, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही : १८६५०च्या नळीत आज त्याच्या निम्मेही मावत नाही, सबब तो मजकूर खोटा. अस्सल सेलचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरते; सराफाच्या काट्यावर तो तीस ग्रॅमच भरला, तर आत काय नाही ते वेगळे सांगावयास नको. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलांना नवे रंगीत वेष्टन चढवून विकण्याचाही प्रघात आहे. त्यांचे वजन बरोबर भरते, परंतु आयुष्य संपत आलेले असते, आणि असा एक जरी सेल नव्या सेलांच्या माळेत गेला तरी सर्व माळेची मजल त्याच्याच ताकदीवर ठरते. म्हणून वेष्टनाच्या रंगापेक्षा मॉडेलचा क्रमांक, भारतीय मानक ब्यूरोचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि तपशीलपत्रक ह्यांची खातरजमा करावी. आणि त्या पत्रकात क्षणिक प्रवाहाचा मोठा आकडा ठळक छापलेला असेल, तर अखंड प्रवाहाचा लहान आकडा कोठे आहे तो शोधावा.

तात्पर्य, प्रश्नांचा क्रम बदलला पाहिजे. आपले यंत्र किती अँपिअर मागते, हा पहिला प्रश्न. तेवढे अँपिअर, वर थोडी सवलत ठेवून, अखंड देऊ शकणारे सेल कोणते, हा दुसरा. आणि त्यांपैकी सर्वाधिक एमएएच कोणाचे, हा तिसरा. खडेबाजारातले गिऱ्हाईक तिसऱ्या प्रश्नाने सुरुवात करते म्हणून फसते. तो प्रश्न गैर नाही, त्याची जागा शेवटची आहे.

समांतर व एकसर जोडलेल्या सेलांवर पहारा ठेवणारे संरक्षक मंडल, ज्याला कारागीर ‘बीएमएस’ म्हणतात, ते काय करते आणि त्यावाचून बॅटरी बांधणे का धोक्याचे, ह्याचा विचार पुढील लेखांकात करू.