मस्करीची कुस्करी आणि कायदा

२०२२ सालची पुण्यातल्या एका खाजगी बँकेतली गोष्ट. प्रशिक्षणवर्गात एक महिला कर्मचारी आपले लांब केस सारखे सावरत होती. ते आवरायला जेसीबी लागत असेल, असं म्हणून एका सहकाऱ्याने केसांवरच्या जुन्या हिंदी गाण्याची ओळ म्हटली. तक्रार झाली, बँकेच्या अंतर्गत तक्रार समितीने त्याला दोषी ठरवलं, त्याची पदावनती झाली आणि औद्योगिक न्यायालयातही त्याला दाद मिळाली नाही. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र समितीचा निष्कर्ष रद्द केला. आरोप खरे धरले तरी याला लैंगिक छळ म्हणणं कठीण आहे, असं न्यायालयाचं मत पडलं. ‘आता कचेरीत हसायचीही चोरी’ म्हणणाऱ्यांना या प्रकरणाचा पूर्वार्ध पुरतो. उत्तरार्ध वेगळं सांगतो. समानतेचे कायदे थट्टेच्या मुळावर उठलेले नाहीत. ज्याला उलट बोलायची सोय नाही, त्याच्या जिवावर चालणारी थट्टा तेवढी ते अडवतात.

कायद्याचे शब्दच पाहू. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा नकोशा, लैंगिक रोख असलेल्या शेरेबाजीला छळ म्हणतो; प्रत्येक विनोदाला नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९चा कायदा आणि दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा, दोन्हींत अपमानाचा गुन्हा ठरायला पाणउतारा करण्याचा हेतू लागतो आणि तो चारचौघांसमोर घडावा लागतो. अंगकाठी, टक्कल किंवा मराठवाडी बोलीचा हेल यांवरून होणारी टिंगल तर बहुधा यांपैकी कशातच बसत नाही. म्हणजे कायद्याचं कुंपण लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच दूर आहे.

‘माझ्या मनात काही वाईट नव्हतं’ हा नेहमीचा बचाव. लैंगिक छळाच्या बाबतीत तो पुरत नाही. करणाऱ्याच्या हेतूपेक्षा ते वागणं समोरच्या स्त्रीला नकोसं होतं का, हे महत्त्वाचं, असं मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये म्हटलं. मग सगळंच ऐकणाऱ्याच्या मर्जीवर जातं का? नाही. तक्रार आली तरी शेऱ्याला लैंगिक रोख होता की नाही हे तपासावंच लागतं, आणि पुण्याच्या प्रकरणात तिथेच आरोप अडला. पण ऐकणाऱ्याची बाजू मोजण्यामागे सबळ कारण आहे. साहेबाने कंत्राटी लिपिक बाईच्या साडीवर शेरा मारला की सगळे हसतात, तीही हसते. पुढच्या महिन्यात कंत्राट संपणार असेल तर तिने दुसरं काय करावं? अशा हसण्याला संमती समजण्याची चूक कायदा करत नाही.

थट्टेच्या दोन जाती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये स्पष्ट केल्या. एका चित्रपटातल्या दिव्यांगांच्या चित्रणावरचा तो खटला होता. दिव्यांगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा आणि दिव्यांगांना हिणवणारा वेगळा, असं न्यायालयाने सांगितलं. एकनाथांच्या गावच्या पैठणकरांना ही तफावत नवी वाटू नये. एकनाथांची भारुडं लोकांना हसवत आली, पण त्यांचा नेम ज्ञानाच्या आणि कुळाच्या अहंकारावर असतो. महाराच्या तोंडून ब्राह्मणाला चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवणारी भारुडं त्यांनी रचली. ऑफिसात आडनावावरून ‘कोट्यातला’ म्हणून मारलेल्या टोमण्याचा नेम नेमका उलट्या दिशेने असतो.

दोन आक्षेप मात्र वजनदार आहेत. पहिला खोट्या तक्रारींचा. २०१३च्या कायद्यातच जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे; तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही तो सांगतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: पुण्याच्या त्या कर्मचाऱ्याला निर्दोष ठरायला जवळपास तीन वर्षं लागली. हे खरं आहे, पण हा दोष कच्च्या चौकशीचा आहे. त्यावर इलाज समितीला नीट प्रशिक्षण देणं हा. समितीच नको म्हणणं हा नव्हे.

तालुक्याच्या गावी तर अडचण उलटीच आहे: तिथे कायदा पोचतो का, हाच प्रश्न. २०१३च्या कायद्याची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालाने घालून दिली. त्यामागे राजस्थानातल्या भटेरी गावची साथीण, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, भंवरीदेवी होती; बालविवाह रोखण्याचं काम करताना तिच्यावर अत्याचार झाला. तिचं कामाचं ठिकाण म्हणजे गाव, जसं वाडीवस्तीवर फिरणाऱ्या आशा सेविकेचं असतं. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांसाठी, म्हणजे पैठणीच्या छोट्या हातमाग केंद्रासाठीही, जिल्ह्याची स्थानिक समिती आणि तक्रार स्वीकारायला तालुक्यात समन्वय अधिकारी असावा, असं कायदा सांगतो. तरीही गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून निघालेल्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४मध्ये, कायदा होऊन अकरा वर्षांनी, या नेमणुका करा म्हणून मुदत घालून द्यावी लागली. ‘कायद्याच्या धाकाने थट्टा संपली’ असं म्हणण्याआधी तो धाक पैठणपर्यंत पोचला आहे का, हे पाहायला हवं. त्यासाठी प्रत्येक कचेरीच्या फलकावर समितीच्या सदस्यांची नावं लागणं ही पहिली पायरी. दाद कुठे मागायची हे माहीत असलेली लिपिक बाई साहेबाच्या विनोदावर हसेल किंवा हसणार नाही. पण हसली तर ते हसू तिचं स्वतःचं असेल.