बाळापूर किल्ला

बाळापूर किल्ला हा महाराष्ट्राच्या अकोला जिल्ह्यातील बाळापूर येथे असलेला भुईकोट किल्ला आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळील उंचवट्यावर तो उभा आहे. बहुसंख्य किल्ले दगडी असलेल्या महाराष्ट्रात विटांची उंच तटबंदी हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय.

इतिहास

मोगल काळात बाळापूर हे वऱ्हाडातील महत्त्वाचे लष्करी ठाणे होते. १७२० मध्ये निजाम-उल-मुल्क याने आलम अलीखानाचा पराभव याच परिसरात केला. औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने किल्ल्याचे बांधकाम सुरू केले आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पूर्ण केले, असे मानले जाते. प्रारंभाचे वर्ष १७२१ असल्याचा उल्लेखही आढळतो. मात्र आझमशाह १७०७ मध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला होता. त्यामुळे हे वर्ष आणि त्याचे नाव यांचा मेळ बसत नाही.

रचना

आतील मुख्य कोट पंचकोनी असून त्याच्या प्रत्येक कोनावर बुरूज आहे. त्याभोवती कमी उंचीचा दुसरा, दहा बुरुजांचा कोट आहे. आत जाण्यासाठी एकामागून एक तीन दरवाजे ओलांडावे लागतात. बाहेरचा कोट शत्रूच्या हाती पडला, तरी आतील उंच तटावरून त्याच्यावर मारा करता येई. पावसाळ्यात नद्यांचे पाणी किल्ल्याला नैसर्गिक खंदकाप्रमाणे वेढत असे.

विटांचे बांधकाम

सातपुड्यातील नरनाळा व गाविलगड या किल्ल्यांना डोंगरातील दगड जागेवरच उपलब्ध होता. बाळापूर मात्र पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सखल प्रदेशात आहे. या खोऱ्यात गाळाचे जाड थर असून विटांसाठी योग्य माती नदीकाठी मिळते. येथील वीटकाम त्या काळातील उत्कृष्ट वीटकामांत गणले जाते.

जतन

वीट-चुन्याच्या तटाला मुख्य धोका पाण्याचा असतो. सांध्यांतील चुना झिजला की पाणी आत मुरते, झाडांची मुळे शिरतात आणि विटा सुटू लागतात. दुरुस्तीसाठी सिमेंट वापरल्यास ओलावा आत कोंडून जुन्या विटांचा ऱ्हास वाढतो. म्हणून अशा वास्तूंसाठी चुन्याचाच वापर योग्य मानला जातो.

परिसर

किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे मंदिर आहे. गावाचे नाव तिच्यावरून पडले, असे सांगतात. गावाजवळ नदीकाठी मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री आहे.